राजाच्या नाकातली नथ

मी एक जुना तांब्याचा पैसा आहे. मित्रांनो, माझ्यावर पूर्वी एका राजाचा मुखडा होता. नाशिकच्या भांडीबाजारात भांड्यांवर नावं घालणाऱ्या बहिरूआबांनी छिन्नीने त्याचा मुकुट खरवडून अंबाडा कोरला, नाकात नथ घातली. राजाची साळूबाई केली. साळूबाई म्हणजे आबांची बायको.

पण मी पहिला प्रयत्न. नाक राजाचंच राहिलं. साळूबाईंनी मला उन्हात धरलं. "अहो, ही मी की माझे सासरे?"

मग आबांनी दुसरा पैसा कोरला. तो हुबेहूब साधला. त्याला कापसाची डबी मिळाली आणि मला कामाच्या चौरंगाच्या आखूड पायाखाली सरकवलं. पाहुणे आले की डबी उघडे. वरून "वा!" ऐकू येई. खाली मी जळत असे. तांबं काय नुसत्या ओलीनेच हिरवं पडतं?

यंदा कोरीव नाण्यांच्या प्रदर्शनासाठी एक बाई एकच नाणं निवडायला येणार होत्या. आबांचा हात आता थरथरतो. नवं कोरणं शक्य नव्हतं. त्यांनी डबी उघडली, तर रिकामी.

"शुभांगी, डबीतला पैसा कुठंय?"

"देव्हाऱ्यात, आबा," सून म्हणाली. "सप्तशृंगीचा टाक असा डबीत कोंबतात होय? श्रावणभर रोज चिंच आणि विटेच्या भुकटीने घासला. बघा कसा लखलखतोय!"

लखलखत होता खरा. नथ पुसली होती, डोळेही.

"अगं, ती देवी नाय, तुझी सासू हाय!"

साळूबाईंनी पदर तोंडाला लावला. "असू द्या. सुनेनं महिनाभर सासूची पूजा केली, असं अख्ख्या पंचवटीत ऐकलंय का कुणी?"

आबा हसले नाहीत. चौरंगावर मटकन बसले. मी मात्र खाली मनातल्या मनात नाचत होतो. तेवढ्यात मी पायाखालून जरा सरकलो, चौरंग डुगडुगला आणि आबांना माझी आठवण झाली.

बाईंनी मला भिंगाखाली धरलं. "राजाच्या नाकात नथ! हाच द्या."

आता मी काचेच्या पेटीत असतो. लोक मला "वा!" म्हणतात. पण तो देव्हाऱ्यात आहे. रोज सकाळी साळूबाईंच्या त्या पुसट कपाळाला शुभांगी जाणूनबुजून कुंकू लावते. मला कोण लावणार?

मित्रांनो, जुनं कोरीव नाणं सापडलं तर चिंचेने घासू नका. मऊ कोरड्या फडक्याने टिपा. आणि चौरंगाखालीही एकदा वाकून बघा.