चित्रातलं पेन

"पेन कुठाय?" म्हाताऱ्या लेखकाने पुन्हा विचारलं.

"नाही काढलं," चित्रकार म्हणाला. हेच सांगून सांगून त्याचं तोंड दुखायला लागलं होतं.

कागदावर काळ्या शाईच्या मोजक्या रेषा. कपाळ, चष्म्याची एक काडी, उतरता खांदा. बस्स. मासिकाची मुखपृष्ठं रंगवण्यात चित्रकाराची हयात गेली, आणि संपादकाने प्रत्येकात काहीतरी कोंबायला लावलं. लेखक म्हटला की पेन हवंच. या खेपेला संपादक रजेवर, म्हणून एक चित्र कसंबसं मनासारखं उतरलं होतं. तर आता हा म्हातारा आडवा आला.

"हात काढा की. लिहिणारा माणूस मी, मला थोटा करून ठेवलात."

"अहो, न काढताच कळतो तो."

"मला नाही कळत."

चित्रकाराचं डोकं सटकलं. कुंचला शाईत बुडवून त्याने पुढे केला. "घ्या. तुम्हीच काढा मग."

लेखकाचा उजवा हात सकाळपासून मांडीवरच्या उशीखाली होता. चहासुद्धा त्याने डाव्या हाताने घेतला होता. पण हट्टाला पेटून त्याने तो बाहेर काढला, कुंचला धरला, आणि हात असा लटपटायला लागला की शाई पायजम्यावर, फरशीवर उडाली.

बायको फडकं घेऊन धावत आली. "वर्ष झालं," ती पुसता पुसता म्हणाली. "हे सांगतात, मी लिहून घेते. कुणाला बोलू नका हो भाऊ."

"तू गप्प बस गं," लेखक म्हणाला.

चित्रकार स्वतःवरच चरफडला. जरा वेळाने त्याने तोच कागद पुढे ओढला. "कसं धरता पेन?"

बायकोने टेबलावरचं पेन उचलून बोटांत धरून दाखवलं. "हे असं. अंगठा वर ठेवतात."

शाई खोडता येत नाही, हे चित्रकाराला ठाऊक होतं. त्याने हात काढला. ठाम, धीट हात, आणि हातात पेन. चित्राची पार वाट लागली. संपादक आता पाठ थोपटणार, हे तर त्याला जास्तच झोंबलं.

लेखक चित्रातल्या हाताकडे बराच वेळ बघत राहिला. स्वतःचा हात त्याने पुन्हा उशीखाली सरकवला होता.

"बघ," तो बायकोला म्हणाला, "अस्संच धरायचो मी."