चिंबोरीचं कवच आणि उन्नतीचा पाय

रविवारी राजोडीच्या किनाऱ्यावर एवढी झुंबड उडाली होती, की भेळवालाही गिऱ्हाईक सोडून काचेच्या पेटीकडे बघत होता. पेटीत एका बाजूला चिंबोरीचं, म्हणजे समुद्री खेकड्याचं रिकामं कवच, पाय-नांग्यांसकट अख्खं. दुसऱ्या बाजूला तीच चिंबोरी, मऊ आणि जिवंत.

"जुनी हाडं टाकली, नवी घेतली," पेटीमागे बसलेले महाराज म्हणाले. "समुद्र हिला देतो, तुम्हाला नाही देणार?"

चंदनसारचे विघ्नेश आणि स्वप्ना, दोघेही शिकलेसवरलेले, आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला, उन्नतीला, उचलून पुढे आले. तिच्या नडगीचं हाड मोडलं होतं. प्लास्टर अजून महिनाभर ठेवायचं होतं आणि नाचाची स्पर्धा त्याआधीच होती. महाराजांनी निदान केलं, की प्लास्टर हेच जुनं कवच, त्यानेच नवं हाड अडवलंय. ते खाऱ्या पाण्यात भिजवून त्यांनी सोलून काढलं. आतून निघाला पांढराफटक, बारीक पाय, वर कातडीचे पापुद्रे. हुबेहूब पेटीतल्या चिंबोरीसारखा! गर्दीने जयजयकार केला.

महाराजांनी तिला चालायला सांगितलं. ती थोडी चालली आणि पाय मधेच वाकला. हाड कातडी फाडून वाळूत टेकलं. जयघोषात तिची किंकाळी कोणाला ऐकूही गेली नाही.

वसईच्या हाडांच्या डॉक्टर हिल्डांसमोर विघ्नेश अजून पुटपुटत होता, "पण मॅडम, चिंबोरी खरंच नवी झालेली."

"चिंबोरीचा, झुरळाचा सांगाडा अंगाबाहेर असतो," त्या म्हणाल्या. "तो वाढत नाही, म्हणून अंग वाढलं की टाकावा लागतो. त्याला महाराज लागत नाहीत. कावळ्याचा, तुमच्या मुलीचा सांगाडा आत असतो. तो जिवंत असतो, जागच्या जागी जुळतो, फक्त हलू द्यायचा नसतो. म्हणून आम्ही बाहेरून कवच दिलं होतं. पाय पांढरा झाला ऊन न लागल्याने, बारीक झाला न वापरल्याने. पापुद्रे म्हणजे न धुतलेली कातडी."

जखम चिघळली. पाय कायमचा आखूड राहिला.

पुढे विघ्नेशने राजोडीला जाऊन भर गर्दीत एक्स-रे दाखवला. तुमची श्रद्धा कमी पडली, असं महाराज म्हणाले आणि लोकांनी माना डोलावल्या. उन्नती मात्र लंगडत रांगेतल्या एका प्लास्टरवाल्या मुलीपाशी गेली.

"मला पण असंच सांगितलेलं," ती म्हणाली. "तू घरी जा."

त्या मुलीच्या आईने तिला उचललं आणि ती मागे फिरली.

श्रद्धा कोणाचीच कमी पडली नव्हती. कमी पडला होता एक प्रश्न: चिंबोरीला हाड असतं तरी कुठे? तो विचारा. गर्दीत, मोठ्याने, लेकरू पुढे करायच्या आधी.