सहाव्या गाण्यातलं हसू

मी मुळात संशयी नाही. पण आपण खोलीत शिरताच तीन माणसं एकदम हवापाण्यावर बोलायला लागली, तर कुठेतरी पाणी मुरतंय हे कळायला फार अक्कल लागत नाही.

आमचा रॉक बँड चौघांचा. गाणारा माझा थोरला भाऊ, ड्रमवर पहिलवान, लीड गिटारवर मास्तर आणि बेस गिटारवर मी. मास्तर दिवसा शाळेत गणित शिकवायचा आणि संध्याकाळी आम्हाला अक्कल. दुसऱ्या अल्बमपर्यंत त्याचं आणि दादाचं विळ्याभोपळ्याचं सख्य झालं होतं. पहिलवानाने तोंडात मिठाची गुळणी धरली होती. आणि माझ्याबद्दल सगळ्यांचं काहीतरी शिजत होतं.

शंका बळावली ती सहाव्या गाण्यापासून. बाकीची गाणी आम्ही एकेकट्याने वाजवली होती, हे एकच चौघांनी मिळून. त्यात मी एक मात्रा आधीच घुसलो. पहिलवान माझ्यामागे धावला, मास्तरने कसंबसं सावरून घेतलं आणि दादा गाता गाता फिस्सकन हसला. दुसऱ्या दिवशी दादा आणि स्टुडिओतली रेकॉर्डिस्टताई बंद दाराआड तासभर बोलत होते. काचेतून संगणकाच्या पडद्यावर मला माझ्याच नावाच्या पट्टीतल्या आवाजाच्या लहरी दिसल्या. मी आत गेलो तर दादा म्हणाला, "चहा घेणार?" जन्मात त्याने मला कधी चहा विचारला नव्हता.

माझ्या पायाखालची वाळू सरकली. बँडमधून काढलं तर मी कोण? घड्याळाच्या दुकानातला विक्रेता. शेजारीसुद्धा मला दादाचा भाऊ म्हणूनच ओळखायचे.

शनिवारी दुपारी मी एकटाच स्टुडिओत गेलो. सगळी गाणी पुन्हा वाजवली, ताल मोजणाऱ्या मेट्रोनोमची टकटक धरून, एकही चूक न करता.

"जुनं पुसून टाक," मी ताईला म्हणालो.

"दादाला विचारलंस?"

"वाजवणं माझं आहे. आणि हे आपल्या दोघांतच."

तिला हसू आलं. का, ते तिने सांगितलं नाही. मी तेही मनात टिपून ठेवलं.

तयार अल्बम एकत्र ऐकणं झालंच नाही. एका खोलीत बसायची कुणाची तयारी नव्हती. न ऐकताच सगळ्यांनी फोनवर होकार कळवला.

अल्बम आला आणि आपटला. एका समीक्षकाने लिहिलं, 'स्वच्छ, बिनचूक आणि निर्जीव.' मला त्यातलं फक्त 'बिनचूक' दिसलं. सहाव्या गाण्यात गायक मध्येच का हसतो, असंही त्याने विचारलं होतं.

संध्याकाळी दादा माझ्याकडे आला. माझ्यासमोरच त्याने ताईला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि सहाव्या गाण्यातली चूक कुठे गेली, असं विचारलं.

"पहिलवान आला, मास्तर आला, मग तुझा भाऊ," ताई म्हणाली. "तिघंही आपापलं बदलून गेले. कुणाला सांगू नकोस म्हणून प्रत्येकाने गळ घातली. मी तरी कुणाकुणाचं ऐकू?"

दादाने फोन ठेवला. "मास्तरने तिला तुझी चूक काढायला सांगितली होती. ती चूक राहावी म्हणून मी तासभर ताईची मनधरणी केली. अख्ख्या अल्बममध्ये तेवढ्याच जागी आपण चौघं होतो रे."

"मग मला सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर पुढे मुद्दाम चुकत बसला असतास."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मला वाटलं, तू मला काढणार."

"तुला? डोक्यातसुद्धा आलं नव्हतं."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. हे बोलताना नजर खाली गेली का? आवाज बदलला का? मास्तरने पढवून पाठवलं नसेल कशावरून? दादा मला लहानपणापासून ओळखतो.

"बघ, आत्तासुद्धा तपासतोयस," तो म्हणाला. उठला, चपला घातल्या आणि दारात थांबला.

"पुढच्या कार्यक्रमाला मी दुसरं कुणीतरी बघतो. तू येऊ नकोस."