चार बोटं सोडून

तज्ज्ञ आले ते पांढरेशुभ्र बूट घालून. दवाने भिजलेल्या गवतात पांढरे बूट घालून येणाऱ्या माणसाला गवतातलं काय डोंबल कळणार, असं ताईने तेव्हाच मनात म्हणून टाकलं होतं.

ताई त्या गोल्फ कोर्सची हेड माळी. तिच्या वडिलांच्या वयाचे मेंबरही तिला ताईच म्हणत. तिच्याआधी पस्तीस वर्षं ते काम तिच्या वडिलांनी, आप्पांनी केलं होतं. आणि शंभर वर्षांपूर्वी ज्याने हा कोर्स आखला, त्याला माळ्यांच्या तोंडी नाव होतं 'थोरले'. ताईने त्यांचा फोटोसुद्धा पाहिला नव्हता, पण त्यांचा हात ती ओळखायची.

थोरल्यांच्या मागे कमिट्या आल्या नि गेल्या आणि प्रत्येकीने आपली अक्कल पाजळली. एकीने मध्येच झाडं लावली, एकीने वाळूचे खड्डे बुजवले, एकीला तर तळं हवं झालं. आता शंभरी आली म्हणून कोर्स पुन्हा थोरल्यांच्या वेळेसारखा करायचा होता. जुने नकाशे ओल लागून केव्हाच गेले होते, म्हणून मूळ कुठलं आणि मागून घुसडलेलं कुठलं ते सांगायला हे तज्ज्ञ. त्यांनी अडीच दिवसांत अठरा होल बघितले आणि निकाल दिला की चौथं ग्रीन, म्हणजे चौथ्या होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, थोरल्यांचं नाही. बुधवारी सकाळी बुलडोझर लावायचा.

"ही बघा, ताटलीसारखी गोल हिरवळ," तज्ज्ञ क्लबच्या सेक्रेटरींना म्हणाले. "त्यांनी जन्मात गोल ग्रीन केलं नाही. आणि हा वाळूचा बंकर! हिरवळीपासून सहा पावलं लांब. ना कुणाच्या वाटेत, ना कुणाला धाक. कुणातरी हौशी माणसाचं काम आहे हे."

"साहेब, पाऊस पडल्यावर या कधी," ताई म्हणाली. "कमिट्यांनी केलेल्या सगळ्या ग्रीनवर पाणी तुंबतं. इथे दोन्ही अंगांनी निघून जातं, चालणाऱ्याचा बूट भिजत नाही. असा उतार दुसऱ्या कुणाला जमलेला नाही."

"उतार नैसर्गिकही असतो, ताई," तज्ज्ञ हसून म्हणाले. लहान मुलाच्या डोक्यावर टपली मारावी तसं ते हसणं होतं. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारा वर्षं ज्या जमिनीवर गुडघे टेकले, ती जमीन हा माणूस तिला शिकवत होता! पण बंकराचं कोडं तिलाही सुटत नव्हतं. थोरल्यांनी उगीच म्हणून एक खड्डा खणलेला नव्हता. त्या काळी फावड्याने खणायचं, टोपल्यांनी माती वाहायची. कोण हौसेने खणेल? त्यांचा प्रत्येक खड्डा कशाची तरी राखण करायचा. मग हा कशाची करत होता?

मंगळवारी संध्याकाळी जेवताना तिने आप्पांना सगळं सांगितलं.

"माझं चौथं पाडणार?" आप्पांनी पाण्याचा पेला आपटला. "अरे, लेकरासारखं वाढवलंय ते मी! पस्तीस वर्षांत एकदा कड सोलली नाही. गवताला टक्कल पडू दिलं नाही कधी."

"ते कसं जमवलंत?"

"तुला शिकवलंय की. मोसमाची पहिली कापणी करताना कडेला चार बोटं सोडायची. मशीनचं पातं बाहेरच्या उताराला घासायलाच नको."

"चार बोटं कुठून? गेल्या मोसमाच्या कडेपासून?"

"मग काय, मोजपट्टी घेऊन बसायचं? मला शिकवलं तसं मी केलं."

ताईचा घास हातातच राहिला. आप्पांची पस्तीस वर्षं, तिची बारा, त्यांच्या आधीच्यांची किती कोण जाणे. दर वर्षी चार बोटं आत. कोपरे आधी गेले असणार, मग कडा, आणि मागे उरली ताटली. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि तेही किती मायेने! तिला स्वतःचा भयंकर राग आला. आप्पा मात्र अजून तज्ज्ञाचा उद्धार करत होते. त्यांना हे सांगायला तिची जीभ उचलेना.

"उद्या मीही येणार," आप्पा म्हणाले. नको म्हणायला तिला कारण सापडलं नाही.

बुधवारी बुलडोझर घुरघुरत उभा होता. ताई रोज ज्या पात्याच्या नळकांड्याने चेंडूसाठी नव्या जागी होल पाडायची, ते घेऊन ती ग्रीन ओलांडून थेट बंकराच्या काठाशी गेली, उंच गवतात. तिथे नळकांडं दाबलं, पिळलं, उपसलं. आत काळी माती, मग वाळूची रेघ, पुन्हा माती, पुन्हा रेघ.

"दरवर्षी आम्ही ग्रीनवर बारीक वाळू पसरतो," ती सेक्रेटरींना म्हणाली. "फक्त ग्रीनवर. मग ही इथे कशी आली?"

"बंकरातली उडाली असेल," तज्ज्ञ म्हणाले.

"बंकरातली जाड असते, साहेब. बोटांत धरून बघा. बूट काही खराब होणार नाहीत."

सेक्रेटरींनी धरून बघितली. तोवर ताई पलीकडे गेली, जिथे आसपास बंकर नव्हता. तिथेही तेच. वाळू जिथे संपली तिथे ती काडी खोचत गेली. विसाव्या काडीला आकार उभा राहिला. लांबट, तिरपं ग्रीन, आणि त्याचा एक पंख बरोबर बंकराच्या मागे दडलेला. धीट माणसाने तिकडे चेंडू मारायचा मोह धरावा आणि बंकराने त्याची परीक्षा घ्यावी.

"अरे, हा तर अकराव्याचा भाऊ!" सेक्रेटरी म्हणाले. अकरावं थोरल्यांचं, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. त्यांनी बुलडोझरवाल्याला हात केला आणि घुरघुर थांबली.

तज्ज्ञांनी वही मिटली. "म्हणजे कुणीतरी निष्काळजी माळ्याने वाट लावली म्हणायची."

"निष्काळजी?" ताईचा आवाज चिरकला. "तुम्ही अडीच दिवस काळजी घेतलीत आणि पाडायला निघालात! इथे काळजी घेऊन घेऊनच हे झालंय. गवत दुखावू नये म्हणून चार बोटं, दर वर्षी चार बोटं. मी सोडलीत. लिहा माझं नाव."

"तिचं एकटीचं नको," मागून आवाज आला.

आप्पा काठी टेकत शेवटच्या काडीपर्यंत गेले होते. तिथून त्यांनी ग्रीनच्या कडेकडे पाहिलं. "इथपासून तिथपर्यंत मी खाल्लं, पोरी?"

"दोघांनी मिळून, आप्पा."

आप्पांनी काठी खाली ठेवली. मग ताईच्या खांद्याचा आधार घेत ते गुडघ्यावर बसले. ग्रीनच्या कडेला, बाहेरच्या उंच गवतावर त्यांनी आडवा हात ठेवला, अंगठा मिटून.

"दर आठवड्याला एवढं बाहेर. घाई केलीस तर टक्कल पडेल," ते म्हणाले. "बंकरापर्यंत पोचेल मी असेतो?"

ताईने काड्यांकडे बघून मनात हिशेब केला. दीड वर्ष तरी लागणार होतं, आणि आप्पा नव्वदीला टेकले होते.

"पोचेल," ती म्हणाली. "पण माझा हात लहान आहे. मापाला दर आठवड्याला तुम्ही यायचं."