खंडेनवमीचं खोकं

सुलेखाने डाळीचं ताट बाजूला सरकवलं आणि त्या जागी साप्ताहिक उघडून ठेवलं. दिगंबरच्या चिमटीत एक खडा होता. तो त्याने आधी कागदावर टाकला, बोटं झटकली आणि मगच खाली पाहिलं.

"काका, हा फोटो बघा. नीट बघा हं, प्लीज."

न बघून भागणार नव्हतं, पण बघायची गरजही नव्हती. ते पान त्याने गुरुवारीच पाहिलं होतं, मालकाच्या टेबलावर. चिखलात कलंडलेलं लाकडी खोकं, उचकटलेलं झाकण, आत भुशात ओळीने बसवलेले हिरवे सुरुंग. खोक्याच्या कोपऱ्यावर दोन लाल डाग. फोटोखाली लिहिलं होतं, निकाराग्वात बंडखोरांनी सोडून दिलेल्या तळावर सापडलेलं रक्ताळलेलं खोकं. जवळच्याच रस्त्यावर आदल्या दिवशी सुरुंगावरून एक ट्रक गेला होता आणि कॉफीच्या मळ्यावर निघालेली नऊ माणसं मेली होती.

"बघितला," दिगंबर म्हणाला.

सुलेखा ही हेमचंद्र प्रधानांची धाकटी. वीस वर्षांची, इथेच न्यू जर्सीत जन्मलेली. दिगंबर आणि त्याची बायको उत्तरा या देशात उतरले तेव्हा विमानतळावर घ्यायला हेमचंद्रच आले होते. एडिसनमधली ही जागाही त्यांनीच बघून दिलेली. तेव्हा ही पोरगी मराठीतल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायची आणि दार आपटून आत जायची. रटगर्स विद्यापीठात गेली आणि काय झालं कोण जाणे, हट्टाने मराठी बोलायला लागली. तेही फक्त या दोघांशी. बापाशी अजून इंग्रजीच. रविवार आला की उत्तराच्या हातचं जेवायला हजर. मध्य अमेरिकेतल्या लढायांवर आवाज उठवणारा विद्यार्थ्यांचा एक गट होता, त्याच्या मोर्च्यात ती थंडीवाऱ्यात फलक धरून उभी राहायची. हेमचंद्र कपाळावर हात मारून घ्यायचे.

"तिकडे सिव्हिल वॉर चालू आहे, काका. गव्हर्नमेंटला रशिया वेपन्स देतो, रिबेल्सना आपण. आता काँग्रेसने, म्हणजे इथल्या पार्लमेंटने, ते बंद केलंय, म्हणून आपले लोक लपवून पाठवतात. भलतंच नाव लिहून. सगळ्यांना माहितीये, पण प्रूफ कुणाकडे नाही."

'आपण' म्हणजे अमेरिका. दिगंबरच्या तोंडात तो शब्द अजून बसला नव्हता. त्याचे कागद व्हायचे होते.

"बरं मग?"

"मग हे." सुलेखाने लाल डागांवर नख ठेवलं. "हे रक्त नाहीये. हे हळदी-कुंकू आहे. बरोबर ना?"

आत उत्तराचं लाटणं थांबलं. क्षणभराने पुन्हा फिरायला लागलं.

"काहीतरीच काय! तिथे जंगलात हळदकुंकू कोण लावत बसलंय?"

"बघा ना, दोन बोटं. अशी खालून वर ओढलेली." तिने टेबलावर करून दाखवलं. "बाबांच्या नवीन गाडीची तुम्ही पूजा केलेली, आठवतं? हूडवर सेम असंच. शेजारची मिसेस गॅलाघर पळत आली, म्हणाली, हरीण आडवं आलं का? कुणाला लागलं का? मी इतकी एम्बॅरस झाले, दोन दिवस घराबाहेर आले नाही."

ती हसली. दिगंबरलाही हसू आलं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीची पूजा तोच सांगायचा, गाड्यांना, नव्या घरांना कुंकवाचं बोट तोच लावायचा. भटजी परवडत नाही म्हणून गळ्यात पडलेलं काम; पण त्याला ते आवडायचं.

तो मूळचा कोल्हापूरचा, उद्यमनगरातला. वडिलांचा पंपांचा छोटा कारखाना होता. खंडेनवमीला लेथ, ड्रिल, पाने, हातोडे, सगळं घासूनपुसून लख्ख करायचं, झेंडू वाहायचा, आणि त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही. पाठवायला बांधून ठेवलेला मालसुद्धा सुटायचा नाही, त्यालाही कुंकू. पुढे वडिलांच्या आजारपणात कारखाना गेला, लेथ भंगारवाल्याने नेलं, पण सवय काही गेली नाही. जवळच्या एलिझाबेथ शहरातल्या गोदीजवळ एका निर्यातदाराच्या गोदामात तो कागदपत्रं बनवायचा. दर खंडेनवमीला उत्तरा छोट्या डबीत हळदकुंकू आणि अक्षता द्यायची. टाइपरायटर, वजनकाटा आणि बाहेर पडायच्या तयारीत असलेला माल, सगळ्यांना तो बोट लावायचा. गोदामातले हमाल त्याची चेष्टा करायचे आणि नंतर प्रसादाचे पेढे बरोब्बर मागून घ्यायचे.

गेल्या ऑक्टोबरात निकाराग्वाच्या शेजारी, होंडुरासला जाणारी बारा खोकी होती. कागदावर त्याने स्वतःच टाइप केलं होतं, पंपांचे सुटे भाग. आता पंपाच्या भागांचं वजन किती असतं हे उद्यमनगरच्या माणसाला कुणी शिकवायला नको. काट्यावरचा आकडा बघितल्याबरोबर त्याला कळलं होतं की हे पंपाचे भाग नव्हेत. मग काय आहे, हे त्याने विचारलं नाही. वरच्या खोक्याला हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता टेकवल्या आणि हात जोडले.

त्या दिवशी पूजा मुळात शस्त्रांचीच असते, हे त्याला परवा गुरुवारी आठवलं. हसू आलं नाही की रडू आलं नाही. काहीच आलं नाही.

गुरुवारी मालकाने, डॉनेलीने, त्याला खोलीत बोलावून हेच पान दाखवलं होतं. "दिग, तुझी कलाकुसर छापून आलीय," तो म्हणाला होता. आवाज चढवला नाही, दम दिला नाही. लोकांना ते रक्त वाटतंय, फार छान झालं, वाटू दे. मग त्याने दोन कागद पुढे सरकवले. एक इमिग्रेशनसाठी कंपनीचं पत्र, ज्याच्यासाठी दिगंबर वर्षभर त्याच्या मागे लागला होता. दुसरा कागद दिगंबरच्या नावाने तयार करून ठेवलेला: बाराही खोकी मी स्वतः उघडून पाहिली, आत पंपांचे सुटे भाग होते. दिगंबरने दुसऱ्यावर सही केली आणि पहिला खिशात घातला. संध्याकाळी घरी येऊन त्याने उत्तराला सगळं सांगितलं. तिने पत्र दोनदा वाचलं आणि लताच्या फोटोमागे नीट ठेवून दिलं.

लता त्यांची मुलगी. तीन वर्षांपूर्वी मुंबईत व्हिसाच्या खिडकीवरच्या माणसाने आईबापांना शिक्के दिले आणि पाच वर्षांच्या पोरीला नाकारलं. पोर मागे राहिली की आईबाप परत येतात, असा त्याचा समज असावा. सहा महिन्यांत काहीतरी होईल म्हणून तिला कोल्हापुरात आजीजवळ ठेवलं, त्याला आता तीन वर्षं झाली होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन. मागच्या खेपेला पोरीने आईला विचारलं, "तुम्ही जेवलात का?" जन्मभर 'ए आई' म्हणणारी पोर, पाहुण्यांशी बोलावं तशी बोलली. उत्तरा फोन ठेवून न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला. ग्रीन कार्डाची मुलाखत सोळा तारखेला होती. कार्ड हातात आलं की लता येणार होती.

"काका?"

"अं?"

"वॉशिंग्टनला एक कमिटी चौकशी करते आहे. हे कुंकू असेल, तर हे खोकं कुठल्यातरी इंडियन माणसाच्या हातातून गेलंय. म्हणजे इथून गेलंय." सुलेखा डोळे वर न करता बोलत होती. "तुम्ही पूजा करता, तुम्हाला कळणार. मी सांगितलं तर सगळे म्हणतील, कॉलेजची पोरगी आहे. तुम्ही सांगितलं तर ऐकतील. फक्त एवढंच सांगायचं, हे कुंकू आहे."

एलिझाबेथच्या गोदामांत खोक्यांना कुंकू लावणारे असे कितीजण असतील, हे तिने विचारलं नाही. त्यानेही बोलून दाखवलं नाही.

दिगंबरने साप्ताहिक जवळ ओढलं. नीट पाहिलं तर अक्षतेचा एक दाणासुद्धा अजून चिकटलेला दिसत होता. त्याने त्या नऊ माणसांचा विचार करून पाहिला. अगदी मनापासून करून पाहिला, पण एकही चेहरा डोळ्यांपुढे येईना. खिडकीबाहेर पार्किंगमध्ये मार्चमधलं काळपट बर्फ साचलं होतं. आत तव्यावर पोळी टाकल्याचा वास आला.

"रक्त आहे ते," तो म्हणाला.

"शुअर?"

"हो. लाकडावर वाळलं की असंच दिसतं. कुंकू नाही हे."

आवाज कापेल असं त्याला वाटलं होतं. कापला नाही. गणपतीसमोर संकल्प सांगताना लागायचा तसाच स्वच्छ, खणखणीत आवाज होता.

सुलेखाने साप्ताहिक मिटलं, त्याच्या कडा जुळवल्या.

"मी फोटोग्राफरशी बोलले, काका. परवा. मॅगझिनच्या ऑफिसातून नंबर मिळाला." ती सावकाश, एकेक मराठी शब्द शोधत बोलत होती. "तो म्हणाला, तिथे कुणालाच लागलेलं नव्हतं, मग रक्त कुठून आलं? म्हणून त्याने बोटाने पुसून बघितलं. त्याचं बोट पिवळं झालं."

दिगंबरने डाळीचं ताट पुढ्यात ओढून घेतलं. एक खडा दिसला, तो काढला. दुसरा काही दिसेना, तरी तो शोधत राहिला. आता ती उठेल, ओरडेल, खोटारडे म्हणेल. म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं त्याला खरोखरच वाटलं.

"पिवळं बोट म्हणजे प्रूफ नाही," ती म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात, म्हणजे आता काहीच नाही." जरा थांबून तिने विचारलं, "लताचं कधी होणार?"

"सोळाला इंटरव्ह्यू आहे. झालं सगळं नीट तर उन्हाळ्यापर्यंत."

"छान." तिने मान हलवली. "मला आवडेल तिला भेटायला."

ती उठून दाराशी गेली आणि बूट चढवायला लागली. उत्तरा पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"अगं, हे काय? पानं मांडलीत. जेवून जा."

"नको, काकू. आज नको."

"भरलं वांगं केलंय, तुझ्यासाठी म्हणून."

"येते मी," सुलेखा म्हणाली आणि दार हळूच लावून घेतलं. एरवी ती जाताना "बाय" म्हणायची.

दोघं खिडकीतून तिची गाडी रस्त्याला लागेपर्यंत बघत राहिले. साप्ताहिक टेबलावरच राहिलं होतं. उत्तराने ते उचलून जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात घातलं आणि हात धुतले.

"सांगेल का कुणाला?"

"नाही."

"नक्की?"

"नाही सांगायची ती. लताचं विचारत होती."

उत्तराने सुस्कारा सोडला. तीन दिवसांनी पहिल्यांदाच तिचे खांदे सैल झालेले त्याला दिसले.

"गुणाची पोर आहे हो," ती म्हणाली.

दिगंबर पानावर बसला. आपल्याला शरम वाटेल, निदान घास उतरणार नाही, अशी त्याला आशा होती. वांगं छान झालं होतं, घास सहज उतरला. त्याच्या नेहमीच्या तीन पोळ्या झाल्या. उत्तराने डबा पुढे केला.

"तिच्या वाटच्या दोन उरल्यात. उद्यापर्यंत वातड होतील."

त्याने हातातला घास संपवला आणि ताट पुढे केलं.

"वाढ," तो म्हणाला.