काठावरचा आठवडा

पोस्टबाईंनी नेहमीसारखा उजवा हात पुढे केला आणि तो नुसताच पाण्यावर आपटला. गेले सहा महिने त्या जागी कोचचा डावा हात असायचा. आज तिथे काही नव्हतं. कोच तलावाच्या काठावर उभी होती, कोरड्या कपड्यांत, आणि तिच्या डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत पांढरी पट्टी होती.

"पडलात की काय कुठे?"

"पडले नाही. काल गोंदलेलं काढायला गेले होते. लेझरनं."

"ते घड्याळ काढलंत?"

"हो."

"अहो, मग आता मी धरू काय?"

सकाळच्या वर्गात साठीच्या पुढच्या सात बायका होत्या. त्यातल्या सहा हसल्या. पोस्टबाई हसल्या नाहीत.

एकतीस वर्षं टपालाच्या खिडकीमागे बसून निवृत्त झाल्यावर त्या पोहायला शिकायला आल्या होत्या, आणि कोचचा हात धरून त्या मासोळीसारख्या जायच्या. हात सुटला की दगड. त्या हातावर एक गोल घड्याळ गोंदलेलं होतं, शर्यतीत वेळ मोजतात तसलं, आणि त्यात एक मिनिट नऊ सेकंद. वर्गातल्या बायकांना त्याचा अर्थ माहीत नव्हता. पोस्टबाई म्हणायच्या, "तुमच्या हातावर कायम एक वाजून नऊ मिनिटं. म्हणजे कायम जेवणाची सुट्टी."

कोच हसायची आणि विषय बदलायची. एकोणिसाव्या वर्षी एका शर्यतीत ती शंभर मीटर तेवढ्या वेळात पोहली होती, पहिली आली होती, आणि त्याच आठवड्यात उत्साहाच्या भरात तिनं ते गोंदवून घेतलं होतं. पुढे पुन्हा कधी तेवढी वेळ साधली नाही. आता ती एकोणचाळीस वर्षांची होती. रोज संध्याकाळी तलाव रिकामा झाला की एकटी शंभर मीटर पोहायची, वेळ बघायची आणि हातावरच्या आकड्याकडे बघायची. वीस वर्षं एका एकोणीस वर्षांच्या पोरीकडून रोज हरायचं म्हणजे काय, हे सांगून कुणाला कळलं नसतं. शेवटी एक दिवस ती उठली आणि त्वचेच्या डॉक्टरकडे गेली.

सोमवारी तलावाला सुट्टी असते. सोमवारी काढू, मंगळवारी पाण्यात, असा तिचा साधा हिशेब होता. डॉक्टरनं चष्म्यावरून बघत विचारलं, "तुम्ही पोहायला शिकवता, हे आधी सांगायचं नाही का?" तोवर हात पांढरा पडून लालभडक झाला होता. दोन आठवडे पाण्यात बुडवायचा नाही, उन्हात न्यायचा नाही, मलम लावून झाकून ठेवायचा, फोड आला तर फोडायचा नाही, खपली धरली तर उचकटायची नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"आणि एका खेपेत जाणार नाही हं," डॉक्टर म्हणाली होती. "लेझर नुसती शाई फोडतं. ती वाहून न्यायचं काम तुमचं शरीर करतं, आपल्या चालीनं. तिथे कुणाची घाई चालत नाही."

वर्ग संपल्यावर इतर जणी गेल्या, पण पोस्टबाई बाकावर बसूनच राहिल्या. टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळायचं, सोडायचं, पुन्हा गुंडाळायचं, असं बराच वेळ चाललं.

"रविवारी माझी ताई येतेय," त्या शेवटी म्हणाल्या.

"अरे वा."

"वा कसलं. तिला मी फोनवर सांगून बसलेय, की मी आडवा तलाव एका दमात पोहते."

कोचनं त्यांच्याकडे पाहिलं.

"कधी सांगितलंत?"

"चार महिने झाले." पोस्टबाईंनी टॉवेल मांडीवर सपाट केला. "लहानपणी ती नदीवर पोहायची आणि मी काठावर तिचे कपडे धरून उभी असायची. तू बुडशील, तू इथेच थांब, म्हणायची. सदुसष्ट वर्षांची झाले, अजून मला धाकटे म्हणते. मला एकदा तिच्यासमोर पलीकडे जायचंय हो. एकदाच."

कोच म्हणाली, "उद्या जरा लवकर या."

बुधवारी हातावर द्राक्षाएवढा फोड आला. कोचनं घाबरून डॉक्टरला फोन केला. "येणारच होता," डॉक्टर शांतपणे म्हणाली, "त्याचा तो बसेल. पिकला, ताप आला, तर मात्र लगेच या." पोस्टबाईंसाठी कोचनं भिंतीवरचा लांब बांबू काढला, कुणी बुडायला लागलं तर पुढे करायचा तो. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर अख्खा बांबू होता. पोस्टबाईंनी तो असा काही घट्ट धरला की कोचच पाण्यात यायची वेळ आली. तिनं बांबू सोडून दिला, म्हणून हात वाचला.

गुरुवारी मात्र एक गोष्ट झाली. पोस्टबाई पाण्यात, कोच काठावर, मध्ये काहीच नाही. पोस्टबाईंनी भिंतीला पाय लावून झेप घेतली, चार हात छान मारले, मग मान वर काढली आणि इकडेतिकडे बघितलं. मान वर आली तसे पाय खाली गेले, आणि त्या उभ्या राहिल्या.

"पुन्हा," कोच म्हणाली.

पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदाही तेच. कोच उकिडवी बसून बघत राहिली. सहा महिने ती या बाईच्या शेजारी पाण्यात होती, आणि पाण्यातून हे कधी दिसलंच नव्हतं. बाईंना पोहता येत होतं. त्या हात शोधायला मान वर काढत होत्या, म्हणून बुडत होत्या. आणि वर "लवकर, लवकर, पाय मारा" हे कोचचं पालुपद होतंच. शिकवणारीचा हातच शिकणारीला बुडवत होता. तिला स्वतःची लाज वाटली, आणि दुसऱ्याच क्षणी हसू फुटलं.

"बाई, मला शोधू नका."

"मग कुणाला शोधू?"

"तळाला ती निळ्या फरशीची रेघ आहे ना, तिच्याकडे बघत चला. आणि सावकाश. टपाल वाटत चालल्यासारखं."

"मी खिडकीवर होते. वाटायला पोस्टमन होते."

"मग त्यांच्यासारखं."

शुक्रवारी फोड बसला आणि खाज सुरू झाली. अशी खाज की कोचला वर्गात धड उभं राहवेना. तिचा उजवा हात नकळत पट्टीकडे गेला, तर पाण्यातून आवाज आला.

"खाजवू नका."

"तुम्ही मान वर काढलीत."

"तुमच्यावर लक्ष ठेवायला कुणी नको का?" पोस्टबाई भिंतीला टेकून धापा टाकत म्हणाल्या. "असं करू. रविवारपर्यंत तुम्ही त्या हाताला हात लावायचा नाही आणि मी मान काढायची नाही. कबूल?"

"कबूल."

तेव्हापासून दोघींचं पथ्य एकत्र चालू झालं. शनिवारी पोस्टबाई अर्ध्यापर्यंत गेल्या. तिथून त्या पाण्यातून चालतच परत आल्या, पण तोंडभर हसत आल्या. कोचनं घरी जाऊन पट्टी सोडली. खपली धरली होती. घड्याळ तिथेच होतं, जरा पुसट, आणि डॉक्टर म्हणाली होती की अजून पाच-सहा खेपा लागतील. एरवी तिनं दिवस मोजले असते. त्या दिवशी तिनं मलम लावलं, हात झाकला आणि उद्याच्या काळजीत जेवायला बसली.

रविवारी ताई आली. बहात्तर वर्षांची, ताठ, आवाज खणखणीत. हातात मात्र काठी होती. काठीचं पोस्टबाईंना माहीत नव्हतं.

"गुडघा बदलून घेतला," ताई म्हणाली. "तुला उगाच काळजी नको म्हणून बोलले नाही. अजून महिनाभर पाण्यात उतरायचं नाही, असा हुकूम आहे."

"मलाही तोच हुकूम आहे," कोच म्हणाली आणि पट्टी दाखवली.

"म्हणजे आपण दोघी काठावर." ताईनं धाकटीकडे वळून पाहिलं. "बघ हं धाकटे, जमत नसेल तर राहू दे. मी काही बोलणार नाही."

पोस्टबाईंनी चष्मा काढला, टॉवेलमध्ये ठेवला आणि टॉवेल ताईच्या हातात दिला.

"हे धर," त्या म्हणाल्या.

ताईनं टॉवेल घेतला.

पोस्टबाई पाण्यात उतरल्या, भिंतीला पाय लावून निघाल्या. चार हात, सहा, आठ. बाकीच्या सहाजणी दुसऱ्या टोकाला देव पाण्यात घालून बसल्यासारख्या गप्प होत्या. मध्यावर आल्यावर पोस्टबाईंचा वेग मंदावला. मानेला हलका झटका बसला, कपाळ पाण्याबाहेर आलं. काठावर कोचचा डावा हात आपोआप पुढे गेला, पट्टीसकट, पाण्यावर लांब. आग व्हावी तशी खाज उठली. तिनं तो हात मागे घेतला, पाठीशी नेला आणि तिथेच ठेवला.

पोस्टबाईंचं कपाळ पुन्हा पाण्याखाली गेलं. एक हात, दुसरा हात, सावकाश, घरोघर थांबत चालल्यासारखा. मग पलीकडच्या भिंतीवर बोटं दिसली, आणि मागोमाग पाणी निथळणारं सगळं डोकं वर आलं.

सहाजणींनी एकच गलका केला. कोचला आपले डोळे भरून आल्याचं कळलं आणि तिनं ते पुसलेही नाहीत. इतका आनंद तिला स्वतः पहिली आली तेव्हाही झाला नव्हता.

"किती वेळ लागला?" पलीकडून पोस्टबाईंनी विचारलं.

कोचनं उजव्या हाताची मूठ उघडली. मुठीत शर्यतीची वेळ मोजायचं घड्याळ होतं. चहा उकळतानासुद्धा घड्याळ लावून बसणारी बाई ती. आणि घड्याळात सगळी शून्यं होती.

"लावायचंच राहिलं, बाई."

"मग परत यावं लागणार," पोस्टबाई म्हणाल्या.

"आणा ते इकडे, मी लावते," ताईनं हात पुढे केला.

"राहू दे," कोच म्हणाली, आणि तिनं घड्याळ खिशात टाकलं.

तोवर पोस्टबाईंनी पाण्यात तोंड घातलंही होतं. ताईनं काठी बाकाला टेकवली आणि टॉवेल उलगडून, दोन्ही हातांनी धरून, ती काठाच्या अगदी कडेला येऊन उभी राहिली.