उचलण्याची रीत

“समजा, ह्या तुमच्या सासूबाई,” असं म्हणून रुबीनानं तो लांबलचक लोड चटईवर आडवा टाकला. “आता उचलून दाखवा. घरी रोज उचलता तश्शाच.”

रागिणीला हसू आलं. लोडाला फुलाफुलांची खोळ होती आणि मनकर्णाबाईंनी उभ्या जन्मात फुलाफुलांचं लुगडं नेसलं नव्हतं. तरी तिनं पदर खोचला, कमरेतून वाकली आणि दोन्ही हात लोडाखाली घातले. कापसाचा लोड, त्याला वजन ते काय असणार; पण सवयीनं तिचे दात आवळले गेले, श्वास कोंडला आणि पाठीच्या खालच्या अंगाला ती ओळखीची कळ आली.

“बस, बस. समजलं,” रुबीना म्हणाली. “अख्खी सासू तुम्ही कमरेवर घेता. अन् श्वास कुठं ठेवता? हिवरखेडलाच विसरून आल्या काय?”

मग तिनं स्वतः लोडाजवळ बसून दाखवलं. पाय जवळ. गुडघ्यात वाकायचं. बेंबी आत ओढायची आणि श्वास सोडत सोडत उचलायचं. त्यानंतर रागिणीला उताणं निजवून, गुडघे उभे करून, नुसता श्वास सोडायला शिकवलं.

“हे सकाळ-संध्याकाळ करा. अन् एक ध्यानात ठेवा. तेवढा वेळ कुणीही हाक मारो, उठायचं नाही. कंबर एकटी नाही दुखत, दीदी, डोकं पण थकते.”

अकोल्यात सकाळी रागिणी आधी दुसऱ्याच एका ठिकाणी जाऊन आली होती. हाडांच्या डॉक्टरांनी पिलाटेस, म्हणजे श्वासाबरोबर करायचे पाठी-पोटाचे व्यायाम, शिका म्हणून सांगितलं, ते कुठं शिकवतात म्हणून दोन पत्तेही दिले. पहिल्या ठिकाणी भिंतभर आरसे होते, गाणी जोरात चालू होती आणि तिथली पोरगी तिला कंबर बारीक कशी होते ते पटवून देत होती. “बारीकच हाये, बाई,” रागिणी म्हणाली होती, “मोडून राहिली, त्याचं सांग.” पोरगी पुन्हा कमरेच्या मापावरच आली होती. हे दुसरं ठिकाण म्हणजे रुबीनाच्या वडिलांचं जुनं कापसाचं गोदाम. जिनिंग बंद पडलं, गोदाम तेवढं उरलं. पंखे जुने होते, पण रुबीनानं नाव विचारण्याआधी विचारलं होतं, “घरी कुणाला उचलावं लागते?” रागिणीचं तिथंच ठरून गेलं.

“अजून एक विचारायचं होतं,” उठून बसत ती म्हणाली. “माह्या मोठ्या जाऊबाईसाठी. त्या इथंच राह्यतात, अकोल्यात. त्याईची कंबर त माह्याहून बेकार. वाकताच येत नाही. सणावाराले घरी आल्या त आत्याबाईच्या पाया पडता येत नाही, खुर्चीतूनच हात जोडतात.”

मनकर्णाबाईंना लकवा झाला तेव्हा दोन्ही सुनांनी आळीपाळीनं करायचं, असं ठरलं होतं. पहिली खेप रागिणीची. दुसरी यायच्या आत थोरल्या जावेच्या, सुभद्रेच्या, मणक्यातली चकती सरकली आणि आळीपाळीतली एकच आळी राहिली. रागिणीनं कधी तोंड वाकडं केलं नाही. नवी नवरी असताना, पहिल्या दिवाळीत अनारसे तळताना कढई कलंडली, तेव्हा सुभद्रेनं मध्ये हात घातला म्हणून रागिणीचं तोंड वाचलं होतं. असं माणूस आजारी पडल्यावर हिशेब कोण मांडतो?

“मग तर तुम्ही एक गंमत बघाच,” रुबीना म्हणाली. “पडद्यामागं बॅच चालू आहे. त्यात एक ताई आहेत. आल्या तेव्हा दोघांनी धरून आणलं होतं. त्यांना बघा अन् जाऊबाईंना जाऊन सांगा. हिंमत येईल.”

रागिणीनं पडदा बोटभर सरकवला. चार-पाच बायका पाठमोऱ्या, पाय लांब करून बसल्या होत्या. सगळ्यांत पुढची बाई वाकली. अशी वाकली की कपाळ गुडघ्यांना टेकलं. मग तिनं हात लांबवून पावलं धरली. उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत जुन्या भाजल्याचा चकचकीत पट्टा होता.

“दोन वर्षं झाली, ठणठणीत आहेत,” रुबीना मागून कौतुकानं सांगत होती. “नव्या बायकांना आता त्याच शिकवतात. मलाही उचलतील बघा.”

रागिणीनं पडदा होता तसा केला. खोचलेला पदर सोडला. लोड उचलून भिंतीशी नेऊन ठेवला आणि त्याची खोळ चारी बाजूंनी ओढून सारखी केली.

“तर मग जाऊबाईंचं?”

“राहू द्या,” ती म्हणाली. “माह्या एकटीचंच.”

परतीच्या वाटेवर ती अकोटला उतरली. त्या साली तूर अशी पिकली होती की ठेवायला जागा नाही आणि घ्यायला कुणी नाही. खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि तिचा नवरा चंद्रभान आठवडाभरापासून त्या रांगेत पोत्यांवर झोपत होता. सकाळी जाताना दिलेला डबा त्यानं आत्ता कुठं उघडला होता.

“काय म्हने डॉक्टर?”

“ताईची कंबर बरी झाली,” रागिणी म्हणाली.

चंद्रभानचा घास हातातच राहिला. “तुले कोनं सांगतलं?”

‘खरंच?’ म्हणाला असता तरी चाललं असतं. ‘काहीतरीच काय’ म्हणाला असता तर तिनं पडद्यामागचं सगळं त्याला रडत सांगितलं असतं. त्यानं विचारलं, कोणी सांगितलं.

“म्हंजे तुमाले मालूम होतं.”

तो रांगेकडे बघत राहिला. रांग हलली नव्हती. “दादानं सांगतलं होतं मागच्या साली. वहिनी भेते म्हने, पुन्हा लचकली त काय करू. अन् तुले जमूनच राहिलं होतं ना. कोनाची काही तक्रार नव्हती.”

“माही होती. मीनं केली नाही, एवढंच.”

सुभद्रेचं एक वेळ समजून घेता आलं असतं. दुखण्यातून उठलेलं माणूस दुखण्याला भितंच. पण हा शेजारी झोपणारा माणूस. रात्री कुशीवर वळताना ती कण्हायची तेव्हा हाच उठून बाम चोळून द्यायचा, ‘सोस थोडं’ म्हणायचा. ज्या हातानं चोळलं त्याच हातानं झाकून ठेवलं. केसानं गळा कापतात म्हणतात तो असाच कापला जात असेल. कापताना काही कळत नाही. तिनं डबा घेतला, न धुताच पिशवीत टाकला आणि हिवरखेडच्या गाडीकडे चालू लागली. घरी मनकर्णाबाईंजवळ शेजारची माणिकबाई बसली होती, तिला सोडवायचं होतं.

अक्षय तृतीयेला थोरले दीर देवराव आणि सुभद्रा दरवर्षीप्रमाणे आले. चंद्रभानही एका दिवसापुरता पोती रांगेतल्या शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून घरी आला होता. पितरांची घागर भरून झाली, आमरस-पुरणाची पानं उठली. सुभद्रेनं आतल्या खोलीच्या दारातूनच सासूला हात जोडले आणि कमरेवर तळवा टेकून प्लास्टिकच्या खुर्चीत बसली.

“कशी हाये वं तुही पाठ?” तिनं रागिणीला विचारलं. आवाजात माया होती. वाईट हेच, की ती खोटी नव्हती.

“दाखवतो,” रागिणी म्हणाली.

तिनं मधल्या खोलीत सतरंजी अंथरली आणि सगळ्यांच्या देखत उताणी निजली. गुडघे उभे केले. भासऱ्यासमोर सुनेनं असं निजावं, हे त्या घरात आजवर घडलं नव्हतं. देवरावांनी घाईनं पेपर तोंडासमोर धरला.

“हे काय आता?” चंद्रभान पुटपुटला.

रागिणीनं श्वास सोडला.

तेवढ्यात आतून हाक आली. “रागिणे! कूस बदलून दे वं माय. अंग आंबलं.”

रागिणी छताकडे बघत राहिली. दुसरी हाक आली, मग तिसरी. चंद्रभान एकदा तिच्याकडे, एकदा आतल्या दाराकडे बघत होता.

“आई बोलावून राहिली ना,” पेपराआडून देवराव म्हणाले.

“आयकू येते,” रागिणी म्हणाली. मग तिनं खुर्चीच्या दिशेनं, रुबीनाच्याच संथ सुरात म्हटलं, “पाय जवळ ठेवा, ताई. गुडघ्यात वाका. श्वास सोडत सोडत उचला.”

सुभद्रेचा चेहरा रागिणीनं पाहिला नाही. तिला फक्त खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला आणि मग पावलांचा. कमरेवर हात ठेवून चालणाऱ्या बाईची ती पावलं नव्हती.

आत बांगड्या वाजल्या. खाट करकरली. रोज या वेळी मनकर्णाबाईंची ‘आई गं’ सगळ्या गल्लीला ऐकू जायची. रागिणीही कळा सोसत उचलायची. दोघी एकमेकींना दुखवत आल्या होत्या. आज तसं काहीच ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं म्हातारी बोलली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तिला हात तेवढे कळायचे, तेही निम्म्याच अंगाला.

“आज काहीच दुखलं नाही वं, रागिणे. फुलासारखी उचलली मले,” ती म्हणाली. “आता रोज अशीच उचलत जाय, बाप्पा. जाशीन ना?”

पेपर हलला नाही. चंद्रभान दाराच्या चौकटीला धरून उभा होता.

“बोल ना वं. जाशीन ना?”

रागिणीनं डोळे मिटले. कडेनं पाणी ओघळून कानात गेलं, ते तिनं पुसलं नाही.

“हो म्हना, ताई,” ती म्हणाली.